चापडा ओळखायचा कसा: मुंबईच्या जंगलात हिरवा साप दिसल्यावर काय, कुठून आणि कोणत्या क्रमाने बघायचं

पावसाळा सुरू झाला की येऊर, आरे, बोरिवली, मुलुंडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हिरव्या सापांचे फोटो येऊ लागतात. खाली लगेच उत्तर पडतं, 'हरणटोळ आहे, घाबरू नका.' बऱ्याचदा ते बरोबर असतं. पण अधूनमधून त्यातला एखादा विषारी चापडा निघतो, आणि तोवर कुणीतरी काठीने फांदी वाकवून सेल्फी काढलेला असतो. उलटी चूकही तेवढीच होते. निरुपद्रवी गवत्याला 'पिट वायपर' म्हणून ठेचलं जातं.

माहिती बहुतेकांना असते, चुकतो तो क्रम. रंग बघून नाव ठरवायचं आणि मग त्या नावाला जुळतील तेवढ्याच खुणा शोधायच्या, असं होतं. खालचा क्रम बरोबर याच्या उलटा आहे. रंग सगळ्यात शेवटी येतो.

चापडा म्हणजे बांबू पिट वायपर. पिट म्हणजे नाकपुडी आणि डोळा यांच्या मधली, उष्णता ओळखणारी खाच. जुन्या पुस्तकांत तो 'ट्रायमेरेसुरस ग्रॅमिनियस' या नावाने सापडेल, नव्या यादीत 'क्रॅस्पेडोसेफॅलस ग्रॅमिनियस'. साप एकच, त्यामुळे नोंदी शोधताना दोन्ही नावं वापरा. काही जण त्याला हिरवी घोणस म्हणतात. घोणस वेगळी, तिला उष्णता ओळखणारी खाच नसते. म्हणून नोंद करताना चापडा असंच लिहावं.

टप्पा १: निघण्याआधीची तयारी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटांवर जायला परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. अंधार पडल्यावर आपलं आपण आत थांबता येत नाही. कर्नाळ्याच्या हरियाल आणि मोरटाका या वाटा दिवसाच्या आहेत. साप दिवसाही दिसतो, त्यामुळे रात्रीच्या हट्टापायी नियम मोडायचं कारण नाही.

सोबत एवढं हवं:

- घोट्याच्या वर जाणारे बूट किंवा गमबूट, आणि जाड कापडाची सैल पँट. चापड्याचे विषदात लांब आणि दुमडणारे असतात. पातळ लेगिंग किंवा मोज्यांचा त्यांच्यापुढे उपयोग नाही.
- डोक्याला लावायचा एक आणि हातातला एक असे दोन टॉर्च. हातातल्याचा उजेड पानांवर आडवा टाकता येतो.
- झूम होणारा कॅमेरा. नसेल तर ऑप्टिकल झूम असलेला फोन चालेल. फोनला झूम नसेल तर लांबूनच काढा आणि नंतर मोठं करून बघा.
- साधारण दीड मीटरची काठी. पुढची वाट चाचपायला आणि गवत हलवायला. साप उचलायला नाही.
- पूर्ण चार्ज असलेला फोन, आणि आपण कुठल्या वाटेने जातोय हे माहीत असलेला घरचा एक माणूस.

बहुतेक जण एक गोष्ट विसरतात, जवळचं रुग्णालय. निघण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: सर्पविषावरची लस आत्ता आहे का, आणि अतिदक्षता विभाग आहे का? 'मोठं हॉस्पिटल आहे, असेलच' हे गृहीत धरू नका. उत्तर नाही आलं तर पुढचं कुठलं, तेही लिहून ठेवा.

*तपासा: किमान दोघं आहात का? एकट्याने गेलात आणि चावलं, तर शांत पडून राहायचं असताना स्वतःलाच चालत बाहेर यावं लागतं.*

टप्पा २: नजर कुठे फिरवायची

चापडा ओल्या जागेचा साप आहे. ओढ्याच्या काठचे बांबू, कारवीचं रान, करवंदीच्या जाळ्या, पाण्यावर झुकलेल्या फांद्या या त्याच्या जागा. बहुतेक वेळा तो गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर असतो, म्हणजे नेमका आपला हात जिथे आधाराला जातो तिथे. जमिनीवर आणि खडकांच्या कपारीतही सापडतो.

शिकारीच्या मागे तो धावत नाही, एका जागी बसून वाट बघतो. बेडूक, सरडे, पाली, उंदीर, लहान पक्षी टप्प्यात आले की झडप घालतो. त्यामुळे हालचाल शोधू नका, आकार शोधा. पानांत पान नसलेलं, कडा मऊ असलेलं वेटोळं किंवा फांदीवर मध्येच जाड झालेला भाग. टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरून पानांवर आडवा फिरवला की अंगावरच्या खवल्यांचा पोत पानाच्या गुळगुळीतपणापासून वेगळा उठून दिसतो.

आधी टॉर्च, मग पाय, मग हात. हा क्रम उलटला की अपघात होतो. ओढा ओलांडताना तोल सांभाळायला बांबूला हात घालणं ही सह्याद्रीतली सगळ्यात साधी आणि सगळ्यात महागडी सवय.

*सावध: एक दिसला की सगळे तिकडेच बघतात आणि मागे सरकतात. मागे पाऊल टाकण्याआधी पाठीमागे आणि बाजूला टॉर्च फिरवा.*

टप्पा ३: दिसल्यावर थांबा, अंतर ठरवा

दोन मीटरच्या आत जायचं नाही. साप साधारण पाऊण मीटरचा असतो, मोठा नमुना एक मीटरच्या थोडा पुढे जातो. आणि अंगाची पूर्ण लांबी काही त्याची झेप नसते. तरीही दोन मीटर का? कारण पाय घसरतो, फांदी हलते, मागचा माणूस धक्का देतो. हे अंतर सापासाठी कमी आणि आपल्या गोंधळासाठी जास्त आहे.

टॉर्च विझवला की आपण त्याला दिसणार नाही, हा समज चुकीचा. त्याच्या डोळ्याच्या पुढे असलेल्या खाचेत एक अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. समोरच्या गरम वस्तूतून येणारी उष्णता त्या पडद्याला तापवते, आणि त्यातल्या मज्जातंतूंना तो सूक्ष्म फरक कळतो. हा संदेश मेंदूत डोळ्यांनी दिसणाऱ्या चित्राशी जोडला जातो. थोडक्यात, गार रात्री पानांच्या पार्श्वभूमीवर तुमचा कोमट पंजा किंवा फोनमागचा चेहरा त्याला चांगलाच कळतो. खाच बघायची म्हणून तोंड जवळ नेणं हा यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा.

शेपटीचं टोक थरथरायला लागलं, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली गेली किंवा तोंड उघडलं, तर अंतर कमी पडलं असं समजा. हळू मागे या.

*तपासा: तुमच्या आणि सापाच्या मध्ये दोन मीटर मोकळी जागा आहे का? मागे सरकायला सपाट जमीन आहे का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर 'नाही' असेल तर फोटो सोडा.*

टप्पा ४: बसण्याची ढब आणि अंगाची ठेवण

अजूनही डोकं झूम करून बघू नका. आधी पूर्ण साप बघा.

चापडा अंगाने भरलेला, शेपटी आखूड. ती फांदीभोवती वळवलेली असते, कारण तीच त्याचा नांगर. अंग घट्ट गुंडाळलेलं किंवा फांदीवर दोन-तीन सैल वळणांत, डोकं पुढे आणि किंचित खाली. तासन्‌तास हलत नाही. हरणटोळ याच्या अगदी उलट: दोरीसारखा बारीक, लांब, अंग फांद्यांवर पसरलेलं, शेपूट संपता संपत नाही. गवत्या बहुतेक वेळा जमिनीवर, गवतात, चालता फिरता.

एवढ्यावरच अर्धं काम होतं. फांदीवर जाड, आखूड, निश्चल असेल तर चापडा गृहीत धरून वागा आणि मग खात्री करत बसा. शंका असताना सुरक्षित बाजूने चुकावं.

टप्पा ५: डोक्यावरच्या खुणा

आता झूम. दोन फोटो लागतात, एक बाजूने आणि एक वरून. वरचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत आणि नंतर पंचाईत होते. उतारावर थोडं वर उभं राहिलात किंवा फोन काठीला बांधून उंच धरलात, तर तो दोन मीटरवरूनही मिळतो.

*१. माथ्यावरचे खवले.* चापड्याच्या डोक्यावर अंगावरच्यासारखेच बारीक, पुष्कळ खवले असतात. हरणटोळ, गवत्या, धामण, नाग यांच्या माथ्यावर मोठ्या, जोडीजोडीने बसवलेल्या ढालींसारख्या पट्ट्या दिसतात. आमच्या मते चारही खुणांत ही सगळ्यात भरवशाची, कारण ती सापाच्या मूडवर किंवा उजेडावर अवलंबून नाही. अपवाद सांगून ठेवतो: दक्षिण सह्याद्रीतल्या हंप-नोज्ड पिट वायपरच्या डोक्याच्या मागच्या भागावर मोठे खवले असतात. पण तो मुंबईच्या आसपास मिळत नाही.

*२. खाच.* नाकपुडी आणि डोळा यांच्या मधोमध, दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या जराशी खाली, स्वच्छ कडा असलेला काळपट खोलगट भाग. डोळा सोडून एका बाजूला दोन छिद्रं मोजता आली पाहिजेत, नाकपुडी आणि खाच. एकच दिसलं तर ती खाच नाही. घोणशीची नाकपुडी इतकी मोठी असते की लोक तिलाच खाच समजतात. अजगरालाही उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, पण त्या ओठांच्या खवल्यांवर ओळीने, डोळा आणि नाक यांच्या मध्ये नव्हे.

*३. बाहुली.* पिवळसर डोळ्यात उभी चीर. हरणटोळाची बाहुली आडवी, गवत्याची गोल. मात्र मांजऱ्याचीही बाहुली उभीच असते, म्हणून उभी बाहुली एकटी पुरेशी नाही. अंधारात ती इतकी पसरते की जवळजवळ गोल दिसते. कात टाकायच्या आधी डोळा दुधाळ निळसर होतो आणि बाहुली दिसतच नाही. अशा वेळी ही खूण सोडून द्या, ओढूनताणून बसवू नका.

*४. डोक्याचा त्रिकोण.* हिला मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. चापड्याचं डोकं मानेपासून स्पष्ट वेगळं आणि त्रिकोणी असतं, हे खरं. पण पाणदिवड घाबरली की डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवते, मांजऱ्याचं डोकं मुळातच रुंद, आणि नाग-मण्यार त्रिकोणी नसूनही जीव घेतात. 'त्रिकोणी म्हणजे विषारी' या एका वाक्याने जेवढे घोळ घातलेत, तेवढे दुसऱ्या कशाने घातले नसतील.

*तपासा: पहिल्या दोन खुणा फोटोत स्पष्ट आहेत का? दोन्ही असतील तर पिट वायपर नक्की. एकच असेल तर 'बहुधा' लिहा.*

टप्पा ६: आता रंग, आणि गोंधळ घालणारे साप

वरून हिरवा, कधी पिवळट हिरवा, अंगावर फिकट किंवा गडद ठिगळं. पोट फिकट पिवळं, हिरवट किंवा पांढुरकं. कुशीला पोटाच्या कडेने एक फिकट रेघ बऱ्याच नमुन्यांत असते, सगळ्यांत नसते. पांढऱ्या एलईडीखाली हाच हिरवा रंग निळसर किंवा पांढरट येतो. रात्रीच्या फोटोवरून छटेचा वाद घालण्यात अर्थ नाही. मेलेला साप स्पिरिटमध्ये ठेवला की निळा पडतो, त्यामुळे कॉलेजच्या बरणीतला नमुना बघून रंग शिकू नये.

*हरणटोळ:* टोकदार, पुढे निघालेलं नाक, आडवी बाहुली. चिडला की गळा फुगवतो आणि खवल्यांमधली काळी-पांढरी जाळी दिसते. सौम्य विषारी, त्यामुळे 'बिनविषारी' म्हणून हातात घ्यायचाही नाही.

*गवत्या:* गोल बाहुली, माथ्यावर मोठे खवले. लहान पिल्लाच्या मानेवर काळी खूण आणि पिवळा रंग असतो, मोठं झाल्यावर ते पुसट होतं. घाबरला की मान पसरवतो, म्हणून कुणी त्याला नागाचं पिल्लूही ठरवतं. मुंबईत चापडा म्हणून विनाकारण मारला जाणारा हाच.

*मांजऱ्या:* रात्री झाडावर, उभी बाहुली, रुंद डोकं. फसायला सगळं साहित्य हजर. पण अंग बारीक, रंग बहुधा तपकिरी, माथ्यावर मोठे खवले, खाच नाही.

*मलबारी चापडा:* हा खरा पिट वायपर. हिरवा, तपकिरी, पिवळा, केशरी अशा कितीतरी रंगांत येतो, पाठीवर गडद नागमोडी किंवा चौकटीसारखे ठिपके. आंबोलीच्या पावसाळी सहलींतून त्याचे फोटो येतात आणि 'येऊरला दिसला' म्हणून पुढे ढकलले जातात. अशा फोटोला आधी जागा विचारा, मग नाव.

इंटरनेटवर 'ग्रीन पिट वायपर' शोधलं की वर येतात ते थायलंड आणि आसपासच्या देशांतले, पांढऱ्या ओठांचे साप. दिसायला इतके सारखे की त्यांच्यावरून आपला चापडा ठरवला तर खुणा चुकतात. तुलनेसाठी सह्याद्रीतलेच, जागा लिहिलेले फोटो घ्या.

टप्पा ७: नोंद

पाच फोटो पुरतात: पूर्ण साप, डोकं बाजूने, डोकं वरून, कूस आणि शेपटी, आणि आजूबाजूचं झाड. वेळ, जमिनीपासून अंदाजे उंची, पाण्यापासूनचं अंतर आणि पाऊस होता की नाही, एवढं लिहा. फ्लॅश दोन-चार वेळाच. फांदी वाकवायची नाही, पान बाजूला करायचं नाही.

नेमकी जागा जाहीर करू नका. बसून शिकार करणारा हा साप त्याच फांदीवर पुष्कळ दिवस राहू शकतो, आणि एकदा जागा फुटली की रविवारी तिथे रांग लागते. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदींच्या संकेतस्थळावर, टाकताना ठिकाण अस्पष्ट ठेवायचा पर्याय निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर कागदपत्र म्हणून मूळ फाइल पाठवली तर त्यात जीपीएस तसंच राहतं. तेव्हा फोनच्या कॅमेऱ्यातली जागेची नोंद आधीच बंद करा.

सोसायटीच्या आवारात किंवा घरात निघाला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. माणूस येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवायची, बाकीच्यांनी गर्दी हटवायची. साप पकडणं किंवा मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. मेलेल्या सापालाही हात लावू नका. तुटलेलं डोकंसुद्धा काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतं.

टप्पा ८: चावला तर

चापड्याचं विष प्रामुख्याने चावलेल्या भागावर आणि रक्तावर परिणाम करतं. तीव्र वेदना, वेगाने चढणारी सूज, काळंनिळं पडणं, कधी फोड. काही रुग्णांत रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मृत्यू क्वचित होतो, पण 'चापडाच तर आहे' म्हणून घरी झोपून राहणं महागात पडतं. ओळख चुकलेली असू शकते, आणि फुरसे किंवा घोणस निघाली तर तास महत्त्वाचे ठरतात.

1. सापापासून लांब व्हा, त्याला पकडू नका. लांबून एक फोटो सहज मिळाला तर घ्या, नाहीतर सोडा.
2. वेळ बघा आणि लिहा.
3. अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ, पायातले पैंजण, बूट लगेच काढा. सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते.
4. हात किंवा पाय फळकुटाला सैलसर बांधून स्थिर ठेवा. चालवू नका, उचलून किंवा गाडीने न्या.
5. १०८ लावा, पण रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा.

दोरी आवळायची नाही, पट्टी घट्ट करकचायची नाही, ब्लेड नाही, चोखणं नाही, बर्फ नाही, दारू नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही नाहीत, कारण रक्तस्राव वाढू शकतो. आवळपट्टी विषाला त्याच भागात कोंडते आणि तिथल्या ऊतींचं नुकसान वाढवते. शिवाय ती एकदम सोडली की दुसरी आपत्ती. आधीच कुणी बांधली असेल तर वाटेत सोडू नका, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होऊ द्या.

रुग्णालयात एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपल्याकडची बहुविषप्रतिकारक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. चापड्याचं विष त्यात नाही. म्हणून डॉक्टरांनी लगेच लस टोचली नाही म्हणून भांडण काढू नका, आणि 'चापडा आहे, लस नकोच' असंही तुम्ही ठरवू नका. ओळख पक्की नसेल किंवा रक्त गोठत नसेल तर निर्णय त्यांचा. तुम्ही फक्त फोटो, वेळ, ठिकाण आणि सुरू असलेली औषधं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही.

रक्त गोठतंय का हे बघायला साधी चाचणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं. वाहिलं तर गोठणं बिघडलंय. पहिल्या वेळी गोठलं म्हणजे सुटलो असं नसतं, ती चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यामुळे सूज कमी वाटली तरी किमान २४ तास देखरेखीखाली राहा. घरी सोडल्यावर हिरड्यांतून रक्त, लघवीत लाली किंवा सूज वरच्या सांध्यापर्यंत चढताना दिसली, तर फोनवर सल्ला न विचारता थेट परत जा.